फळीखालचा स्पीकर

माझ्या सासूबाईंना कमी ऐकू येतं, असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही. "तुम्ही लोक पुटपुटता," असं त्या म्हणतात, आणि मग आम्ही खाकरून, तोंड त्यांच्याकडे करून, बातम्या देणाऱ्यासारखं बोलायला लागतो. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी सूतगिरणीत काढली. तिथल्या सूत पिळणाऱ्या चात्यांच्या गोंगाटाने त्यांच्या कानांतले वरचे सूर कुरतडून नेले. पाखरं गेली, शिट्ट्या गेल्या, दाराची बेल गेली. जाडेभरडे आवाज तेवढे उरले. खालून ट्रक गेलेला त्यांना कळतो. माझ्या नवऱ्याचं घोरणंही कळतं. ठकीचं रडणं मात्र कळत नाही.

ठकी म्हणजे आमची मुलगी. खरं नाव दाखल्यावर आहे, पण कापडी बाहुलीसारखी गोल आणि ढिली जन्मली, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "ही तर ठकी!" आणि ते चिकटलं.

त्या दुपारी मी कचरा टाकायला खाली गेले होते. समोरच्या लाँड्रीवालीने हटकलं, दोन शब्द बोलता बोलता चार झाले. परत येताना जिन्याच्या खालच्या वळणावरच मला ठकीचं रडणं ऐकू आलं. नुकतं सुरू झालेलं नव्हे. घसा बसत आलेलं, मधे श्वासासाठी थांबून पुन्हा सुरू होणारं. मी जिना कसा चढले ते मला आठवत नाही. पुढच्या खोलीत सासूबाई शिलाई मशीनवर वाकलेल्या, कुणाच्या तरी पडद्याची कड दुमडत होत्या आणि चक्क गुणगुणत होत्या. मागच्या खोलीत ठकी रडून रडून जांभळी झाली होती.

तिला खांद्यावर घेऊन मी बाहेर आले, तेव्हा सासूबाईंनी मान वर केली.

"उठली वाटतं?"

"रडत होती."

"आत्ताच उठली असेल."

मी ठकीची पाठ थोपटत राहिले. बोलले असते तर बरं झालं असतं. सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, ठकीच्या तोंडाकडे पाहिलं, मशीन बंद केलं आणि त्यावर कापड घातलं. पडदा अर्धाच राहिला.

आणि नेमका त्याच संध्याकाळी वर्कशॉपमधून फोन आला. सभागृहांचे, दवाखान्यांचे, स्टेशनांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारं आमचं वर्कशॉप. ठकी होण्याआधी मी तिथे तपासणीच्या बाकावर बसायचे. दुरुस्त झालेला प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर माझ्या हाताखालून गेल्याशिवाय दाराबाहेर पडत नसे. आमच्या मुख्य बाईंना आम्ही पाठीमागे 'फ्यूजबाई' म्हणायचो, कारण त्या उडायला वेळ लागत नसे.

"सोमवारपासून येतेयस का? शुक्रवार संध्याकाळपर्यंत सांग," फ्यूजबाई म्हणाल्या. "तुझी खुर्ची मी बरेच दिवस अडवून धरलीय. आता वरून ओरडतायत. एकदा दुसऱ्याला दिली की दिली."

"सांगते," मी म्हटलं.

सगळं आधीच ठरलं होतं. मी कामावर जायचं, ठकीला सासूबाईंनी सांभाळायचं. जवळच्या पाळणाघरात नाव घालून ठेवलं होतं, पण तिथला नंबर ठकी शाळेत जायच्या वयाची होईल तेव्हा लागेल असं दिसत होतं. तेव्हा एकतर सासूबाई, नाहीतर मी. आणि त्या दुपारनंतर माझ्या मनात उत्तर पक्कं होत चाललं होतं, फक्त ते कुणाला सांगायचं धाडस होत नव्हतं.

तोडगे सुचवायला नवरा तयारच होता. तो दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात काय बसेल याचाच विचार करत असल्यामुळे घरी आल्यावर त्याला सगळंच सोपं वाटतं.

"पाळणा पुढच्या खोलीत आण."

"मशीनच्या आवाजाने ती झोपेल का?"

"मग मशीन मागे ने."

"मागे पाळणा आणि पलंग सोडून माणसाला उभं राहायला जागा आहे का? आणि उजेड?"

"मग ते दुकानातलं यंत्र आणू. बाळ रडलं की वाजतं."

तेही आणलं. ते इतक्या बारीक आवाजात किंचाळायचं की मला दातांत कळ यायची आणि सासूबाईंना पत्ताही लागायचा नाही. त्यावर एक दिवा होता, तो लागायचा. पण सासूबाईंची नजर सुईवर. "दिव्याकडे बघत बसले तर बोट शिवून घेईन," त्या म्हणाल्या, ते खरंच होतं. कानाचं यंत्र तर त्यांच्या खणात आधीपासूनच पडलेलं. ते लावलं की शिलाई मशीनच मशीन ऐकू येतं, बाकी काही नाही.

दोन दिवस आम्ही दोघी फार सभ्यपणे वागलो. घरात सासूसुना सभ्यपणे वागायला लागल्या की समजावं, काहीतरी बिनसलंय.

बुधवारी सकाळी मी ठकीला भरवत होते. सासूबाई पुढच्या खोलीत अनवाणी उभ्या राहून कापड बेतत होत्या. मधेच तिथूनच ओरडल्या, "अगं, धुण्याचं मशीन बघ, कपडे एका बाजूला गोळा झालेत."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी ठकीला कडेवर घेऊन न्हाणीघरात जाऊन पाहिलं, तर ओल्या चादरीचा बोळा होऊन मशीन नुकतंच डुलायला लागलं होतं.

"आई, तुम्हाला कसं कळलं?"

"पायाला कळलं." त्यांनी मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "गिरणीत कानाने कोण ऐकायचं? शेजारणीची हाक ऐकू यायची नाही. पण रांगेतली एक चाती बिघडली की टाचेला आधी कळायचं. आम्ही चपला काढून उभ्या राहायचो. मुकादम ओरडायचा, पण त्यालाही माहीत होतं."

मी हातातला चमचा तसाच धरून उभी राहिले. ठकीने आ वासला होता, तो तिने रागाने मिटला.

त्या दुपारी ठकी झोपल्यावर मी पलंगाखालची माझी जुनी पेटी ओढली. कॉलेजपासूनच्या वस्तू: भोकाभोकांचा बोर्ड, मूठभर ट्रान्झिस्टर, वीज अडवणारे, रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर, काट्याचा मीटर. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. बाळंतपणात माझं डोकं कुठेतरी सांडलं असं मला कित्येक महिने वाटत होतं. दुधाची वेळ, झोपेची वेळ, ताप आहे का, श्वास चालू आहे ना, खिडकीची खिट्टी लागली ना, एवढंच त्यात उरलं होतं. पट्ट्यांच्या रंगांवरून रेझिस्टरचा आकडा वाचता आला तेव्हा मला रडूच आलं. तांबडा, जांभळा, नारिंगी. अजून येतंय मला!

बेत सोपा होता. ठकीच्या खोलीत छोटा माइक, तोही कपाटाच्या माथ्यावर, म्हणजे तार तिच्या हाताला लागायला नको. तिथून तार पुढच्या खोलीत. मधे अ‍ॅम्प्लिफायर. आणि शेवटी एक जुना जाडजूड स्पीकर, एका लाकडी फळीला खालून स्क्रूने आवळलेला. ती फळी सासूबाईंच्या पायाखाली. उजवा पाय मशीनच्या पेडलवर, डावा अनवाणी पाय फळीवर. ठकी रडली की फळी थरथरेल. कानांची गरजच नाही.

दोन ट्रान्झिस्टरची साखळी मी दुपारभरात उभी केली. एकाने आवाज वाढवायचा, दुसऱ्याने आणखी वाढवायचा. मीटर लावला. मागच्या खोलीत ठकी झोपेत नुसती कुरकुरली, तर काटा टुणकन उडाला. मी इतकी खूश झाले की सासूबाईंना हाताला धरूनच आणलं. "आई, फळीवर पाय ठेवा." आणि मी पाळण्यापाशी जाऊन हळूच चुटकी वाजवली.

"काही कळतंय का?" परत येऊन मी विचारलं.

"कळतंय की," त्या मायेने म्हणाल्या. "छान कळतंय."

मी खाली पाहिलं. स्पीकरची तार मी जोडलीच नव्हती.

मी घाबरले. यंत्र बिघडलं म्हणून नव्हे. माझं मन राखायला त्या 'हो' म्हणाल्या म्हणून. म्हणजे उद्या फळी हलली काय न हलली काय, त्यांचा 'हो' हा 'हो'च राहणार. मी वर्कशॉपमध्ये बसून त्या 'हो'वर विसंबायचं?

मी खाली वाकून तार जोडली. आणि काटा आडवा झाला.

तार काढली की काटा नाचायचा. जोडली की मेला. पुन्हा काढली, नाचला. सगळे सांधे तपासले, स्पीकर वेगळा करून पाहिला, तो ठणठणीत. मग मी तेच केलं जे घाबरलेला माणूस करतो: आवाज पुरत नाहीये असं धरून चालले आणि तिसरा ट्रान्झिस्टर जोडला. आता नुसत्या मीटरवर काटा एवढा आपटायचा की तुटतो की काय असं वाटावं, साखळी स्वतःशीच हूं हूं करायला लागली. आणि स्पीकर जोडला की पुन्हा स्मशानशांतता.

संध्याकाळी नवऱ्याने बोर्डकडे पाहिलं. "अजून एक? माळा चढवतेयस का त्याच्यावर?"

"गप्प बस."

"मी आपलं विचारलं. आमच्याकडे कवळी बसली नाही तर आम्ही दात वाढवत नाही."

"तुमच्याकडे तोंड समोर असतं रे. माझ्याकडे..." मी बोर्ड बाजूला सारला. "जाऊ दे. मी उद्या फोन करून नाही म्हणते. ठकी मोठी झाली की बघू."

मी हे अगदी हळू आवाजात म्हटलं होतं. पण सासूबाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या आणि त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. गिरणीतली माणसं ओठ वाचतात, हे मी दर वेळी विसरते.

"माझ्यामुळे?" त्यांनी विचारलं.

आम्ही दोघंही त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो.

"बरं, ऐका," त्या म्हणाल्या. मशीनच्या कापडाची घडी त्या उगाच सरळ करत होत्या. "मला तिचं रडणं ऐकू येत नाही. झालं? म्हटलं मी. इतकी वर्षं म्हटलं नव्हतं. आता म्हटलंय तर त्याचा काहीतरी उपयोग करा, नुसतं माझ्या तोंडाकडे बघत बसू नका."

नवरा उठला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसला. थोड्या वेळाने त्यांनीच त्याच्या डोक्यावर टपली मारली, "जा, पाणी आण."

गुरुवारी दुपारी मी पुन्हा बोर्डपुढे बसले. या वेळी काही जोडलं नाही, नुसती बघत बसले. वर्कशॉपमध्ये मी रोज एवढे अ‍ॅम्प्लिफायर तपासले, कधी एकाचाही काटा असा मेला नाही. का? तिथे मी वेगळं काय करत होते?

मग मला आमचा बाक डोळ्यांसमोर आला. बाकाच्या खालच्या फडताळात जाडजूड रेझिस्टरांची एक माळ कायमची जोडलेली असायची, स्पीकरच्या जागी. प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरवर ते ओझं आपोआप पडायचं. आम्ही ओझ्याशिवाय कधी काही मोजलंच नाही. आणि ते सदैव असल्यामुळे ते आहे हेच मी विसरले होते. घरच्या टेबलावर बाक नव्हता, माळ नव्हती. मी मोकळ्या अ‍ॅम्प्लिफायरचा काटा बघून नाचत होते. ज्याच्याकडे कुणी काही मागत नाही, तो तोंडभरून आश्वासनं देणारच.

कॉलेजात यावर आख्खं प्रात्यक्षिक होतं: आउटपुट रेझिस्टन्स काढा. आम्ही ते पूजेसारखं उरकायचो. आधी काही न जोडता काटा कुठे आहे ते बघायचं. मग बटणाने कमीजास्त होणारा एक रेझिस्टर बाहेरून जोडायचा आणि काटा बरोब्बर निम्म्यावर येईपर्यंत बटण फिरवत राहायचं. निम्म्यावर आला की थांबायचं आणि तो बाहेरचा रेझिस्टर मोजायचा. जेवढा बाहेर, तेवढाच आत. संपलं. पैकीच्या पैकी गुण. का, ते कुणी विचारलं नाही, मीही नाही.

फोनवर एक सलग 'पूं' आवाज लावला, तो हळू करून माइकपुढे ठेवला, तिसरा ट्रान्झिस्टर उपटून टाकला आणि ते जुनं प्रात्यक्षिक पुन्हा केलं. बटण फिरवत गेले. काटा खाली, खाली, निम्म्यावर. थांबले. बाहेरचा रेझिस्टर मोजला: साडेचार हजार ओहमच्या आसपास. आणि माझा स्पीकर आठ ओहमचा.

त्या क्षणी ते मला कळलं, तसं कॉलेजात कधीच कळलं नव्हतं. ट्रान्झिस्टरच्या आत जणू एक न दिसणारा रेझिस्टर बसलेला असतो. तो बोर्डवर नसतो, दुकानात मिळत नाही, पण वाटणीत आधी हात पुढे करतो. बाहेरचा त्याच्या तोडीचा असेल तर निम्मं निम्मं. बाहेरचा आठाचा आणि आतला हजारांचा असेल, तर सगळा जोर आतल्या आत जिरतो, बाहेर चतकोरसुद्धा येत नाही. आवाज तिप्पट करा, दसपट करा. वाढलेलंही आतलाच खाणार.

माझ्याच डोळ्यांसमोर मी आले. मनातल्या मनात मी केवढी जागरूक आई! सतरा संकटांची सतरा उत्तरं तयार. आणि प्रत्यक्ष कुणी माझ्यावर थोडासा भार टाकला की आतल्या आतच सगळं जळून जातं आणि बाहेर येते ती नुसती चिडचिड. पण ते जाऊ दे. ट्रान्झिस्टरला निदान उपाय होता.

उपाय कॉलेजात शिकलो होतो आणि तेव्हा आम्ही त्याला हसलो होतो. त्याच ट्रान्झिस्टरला जरा वेगळं जोडायचं. आउटपुट त्याच्या कलेक्टर नावाच्या पायावरून न घेता एमिटर नावाच्या पायावरून घ्यायचं. मग तो आवाज अजिबात वाढवत नाही. जेवढं आलं तेवढंच, किंबहुना किंचित कमीच, पुढे देतो. आमच्या वर्गात त्याला 'बिनपगारी' म्हणायचे.

मी एक बिनपगारी जोडला. स्पीकरमधून कुणीतरी उशीखालून बोलतंय असा आवाज आला. आला तर खरा! पुन्हा निम्म्याचं प्रात्यक्षिक: आतला रेझिस्टर हजारांवरून पन्नासाच्या घरात उतरला होता. स्पीकर आठाचा, म्हणजे अजूनही आतलाच शिरजोर. मग त्याच्या मागे दुसरा बिनपगारी, चांगला धिप्पाड, बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्यावर स्क्रूने बसवलेला, कारण तो तापतो. त्या पत्र्याला नवऱ्याने सकाळी निघण्याआधीच, तेव्हाच्या तापणाऱ्या तिसऱ्या ट्रान्झिस्टरसाठी, भोक पाडून दिलं होतं, कशासाठी ते न विचारता. त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

पुन्हा मीटर. पुन्हा बटण. फिरवत गेले, फिरवत गेले, बाहेरचा रेझिस्टर स्पीकरइतका आठावर आणून ठेवला. काटा होता तिथून ढिम्म हलला नाही.

काटा न हलल्याचा एवढा आनंद होऊ शकतो, हे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. मी तोंडावर हात दाबून धरला, ठकी झोपली होती म्हणून.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "झालं का काही?"

"आई, इकडे या. हे बघा, हे दोघे मागचे आवाज वाढवतात. आणि हे पुढचे दोघे काहीच वाढवत नाहीत."

"मग कशाला ठेवलेत?"

"पुढचं ओझं ते उचलतात. पुढे कुणी लटकलंय हे मागच्यांना कळूच देत नाहीत."

सासूबाई खाली वाकून त्या पत्र्यावरच्या धिप्पाड ट्रान्झिस्टरकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या. "म्हणजे माझी थोरली जाऊ! स्वतःचं एक अक्षर नाही, पण आख्खं घर तिच्या अंगावर. आम्हाला वाटायचं घर आम्हीच चालवतो." त्यांनी बोट लावलं. "तापलीय हो."

"तापणारच."

"ती पण तापायची."

आता 'हो'ची परीक्षा राहिली होती. मी त्यांना फळीवर पाय ठेवून, माझ्याकडे पाठ करून बसवलं. "कळलं की हात वर करा." मागच्या खोलीत जाऊन मी माइकपुढे कधी बोट घासलं, कधी नुसतीच उभी राहिले, कधी दोनदा खोकले. उघड्या दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. मी उभी असताना हात खाली. बोट घासलं की हात वर. दोनदा खोकले, तर हात दोनदा वर.

"परीक्षा घेतेस का गं माझी?" त्या वळून म्हणाल्या.

"कधी बोट घासत होते, कधी खोकत होते. परीक्षा यंत्राची."

"खोटं बोलायला माझ्याकडूनच शिकलीस." पण त्या रागावल्या नव्हत्या. फळीवरची बोटं त्यांनी पसरून पुन्हा मिटली. "बोट घासतेस ते बारीक, मुंगी चालल्यासारखं. खोकलीस ते वेगळं. मशीनची थरथर आणखी वेगळी. मी घोटाळा करायची नाही."

तरी एक गोष्ट उरलीच. मी घरात असताना सगळं जमतं. सगळ्यांनाच जमतं.

शुक्रवारी दुपारी ठकीला झोपवून मी म्हटलं, "आई, मी जरा खाली जाऊन येते." त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

"सावकाश ये," त्या म्हणाल्या. पडद्याचं राहिलेलं काम त्यांनी पुढ्यात ओढलं.

मी रस्ता ओलांडून लाँड्रीच्या पायरीवर उभी राहिले. तिथून आमची खिडकी दिसते. सासूबाईंचं वाकलेलं डोकं, खांदा, मशीनच्या चाकाचा कडेचा भाग. ठकी मात्र दिसत नाही, ऐकूही येत नाही. मी आता त्यांच्याच जागी होते: काहीच ऐकू न येणारी. फरक एवढाच की माझ्या पायाखाली फळी नव्हती.

"काय गं, बाहेर काढलं का सासूने?" लाँड्रीवालीने आतून विचारलं.

"मीच निघालेय."

"मग वर काय बघतेस?"

मी वरच बघत राहिले. डोकं अजून वाकलेलंच होतं. एव्हाना ठकी उठायची वेळ झाली होती. उठली असेल. रडत असेल. तार निसटली असेल. पत्र्यावरच्या त्या थोरल्या जावेने जीव सोडला असेल. सासूबाईंनी सवयीने चपला घातल्या असतील. मी एक पाय पायरीवरून खाली टाकला. मग तो परत वर घेतला. पुन्हा टाकला. लाँड्रीवाली म्हणाली, "एकतर जा, नाहीतर आत येऊन बस, गिऱ्हाइकं घाबरतील."

आणि ते डोकं वर झालं.

घाईने नाही, दचकून नाही. कुणीतरी हळूच हाक मारल्यावर माणूस मान वर करतो तसं. सासूबाईंनी कापड बाजूला सारलं, उठल्या आणि आत गेल्या. रिकाम्या खिडकीकडे मी श्वास रोखून बघत राहिले. मग त्या परत आल्या आणि नुसत्याच पुन्हा खाली बसल्या. एकट्याच. त्यांनी पडदा उचलला.

मला काही समजेना. आत जाऊन आल्या आणि ठकी कुठाय? पण मग त्या खिडकीशी वाकल्या. त्यांनी मला बरोबर हेरलं होतं, पहिल्यापासूनच हेरलं असणार. दोन्ही हात गालाखाली जोडून त्यांनी खूण केली: झोपलीय. आणि मग एक बोट दुसऱ्या बोटावर घासून दाखवलं. मुंगी चालल्यासारखं.

ठकी नुसती कूस बदलताना कुरकुरली होती. इतकं बारीक, की मी स्वतः पुढच्या खोलीत असते तर मलाही ऐकू आलं नसतं.

दुसऱ्या वेळी डोकं वर झालं तेव्हा मात्र त्या लगेच उठल्या आणि ठकीला घेऊनच खिडकीत आल्या. झोपेने सुजलेलं तोंड, एका गालावर उशीची घडी, डोळे कोरडे. सासूबाईंनी तिचा हात धरून माझ्याकडे हलवला. मीही हात हलवला, आणि लाँड्रीवालीनेही हलवला, कशासाठी ते न कळता.

वर गेले. ठकी आजीच्या कडेवर बसून तिच्या पदराला चिकटलेली सुतं ओढत होती. मी फोन लावला.

"काय ठरलं?" फ्यूजबाई म्हणाल्या. "मला पाच वाजता वर सांगायचंय."

"येते मॅडम. सोमवारपासून."

"अर्धा दिवस की पूर्ण? सुरुवातीला अर्धा चालेल, पण मग मला दुपारसाठी माणूस बघावं लागेल."

मी घुटमळले. "अर्धा की पूर्ण..." असं माझ्याच तोंडून पुटपुटत बाहेर पडलं. निम्म्यावर थांबायचं प्रात्यक्षिक माझ्या चांगलंच अंगवळणी पडलं होतं. पाठ करून उभी राहायचं सुचलं नाही. सासूबाई समोरच होत्या आणि त्यांची नजर माझ्या ओठांवर होती.

"पूर्ण!" त्या तिथूनच ओरडल्या, गिरणीतल्या शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"कोण गं ते?" फ्यूजबाईंनी विचारलं.

"आमच्या सासूबाई."

"ऐकू आलं. पूर्ण तर पूर्ण. आणि येताना डबा आण, कॅन्टीन अजून तसंच आहे."

फोन ठेवल्यावर मी बोर्डपाशी बसले. आणखी बरंच करायचं होतं. सगळं नीट डब्यात बसवायचं, तापणाऱ्या पत्र्याला ठकीचा हात लागणार नाही असं काहीतरी करायचं, तारा भिंतीला ठोकायच्या. शिवाय त्या रात्री मी खिडकीची खिट्टी दोनदा बघणार, हेही मला माहीत होतं. तेवढं आत राहणारच; कुणाच्याही आतला रेझिस्टर अगदी शून्यावर येत नाही.

"हिला जरा तिकडे ने," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी ठकीला माझ्याकडे दिलं. स्वतः मशीनपुढे बसल्या, चपला काढल्या, डावा पाय फळीवर ठेवला. "पाळण्यात ठेव आणि तिला हसव. रडणं कळलं. हसणं पायाला कसं लागतं ते मला बघायचंय."